ढेकूणकाकू

सत्कार झाला की माणसं आपल्या यशाचं श्रेय आईवडिलांना, गुरुजनांना, नाही तर ग्रामदैवताला देतात. माझा सत्कार अजून कुणी केलेला नाही, त्यामुळे मला खरं सांगायची मोकळीक आहे. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो तो सांगलीच्या ढेकूणकाकूंमुळे. हे नाव अर्थातच त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. त्यांच्या घरात भाड्याने राहणाऱ्या आम्हा कॉलेजच्या पोरांनी ते ठेवलं होतं, आणि काकूंना ते ठाऊक होतं. "नाव ठेवण्यापुरतं तरी डोकं चालतं म्हणायचं," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

काकूंचं स्वागत म्हणजे एक बोट. तुम्ही वळकटी घेऊन दारात उभे राहिलात की ते बोट अंगणातल्या फरशीकडे वळायचं.

"आधी उन्हात."

लोकांच्या घरी 'या, बसा' म्हणतात, त्या जागी काकूंचं हे होतं.

सत्तर सालानंतरची गोष्ट. शिराळ्याकडच्या आमच्या खेड्यातून मी कॉलेजसाठी आलो तेव्हा पाऊस लांबला होता, आणि सांगलीत दुसरं काही मिळो न मिळो, ऊन भरपूर होतं. माझी वळकटी, घोंगडं, पत्र्याची ट्रंक असा सगळा संसार फरशीवर मांडला गेला. काकू चष्मा लावून तपासायला बसल्या. माझ्या मॅट्रिकच्या गुणपत्रिकेकडेसुद्धा कुणी इतकं निरखून पाहिलं नव्हतं. घोंगड्याच्या काठातून त्यांनी एक टम्म फुगलेला गोचीड चिमट्याने उचलला आणि उन्हात धरून विचारलं,

"हाही कॉलेजलाच आलाय का रे? कुठली शाखा घेणार म्हणतो?"

गोचीड रॉकेलच्या डब्यात गेला. कुंपणापलीकडचे शेजारी हसले. आमच्या गोठ्याची आणि माजघराची भिंत एकच, त्यामुळे असले पाहुणे आम्हाला घरचेच वाटत. पण त्या दिवशी मला वाटलं, शहरातल्या बाईने शेतकऱ्याच्या पोराला त्याची जागा दाखवली. असं वाटून घ्यायला फार विचार करावा लागला नाही. ती सवय गावातच लागली होती.

दर रविवारी सगळ्या खाटा अंगणात यायच्या. सांध्यासांध्यात उकळतं पाणी, मग रॉकेलचा बोळा. परीक्षा, ताप, तालीम असली फुटकळ कारणं चालत नसत. मलेरियावाले भिंतींवर फवारा मारून दारावर तारीख लिहून गेले की काकू म्हणायच्या, "छान. आता डासांनाही कळलं, हे परत कधी येणार."

नागपंचमीला मी गावी गेलो आणि आबांना, म्हणजे वडिलांना, त्या गोचिडाची आणि हसणाऱ्या शेजाऱ्यांची हकिगत सांगितली. त्याच आठवड्यात आबा एस्टीने सांगलीत हजर झाले.

"सामान बांध," ते म्हणाले. "इज्जत घालवून शिकायचं न्हाई. रान हाय, ऊस हाय. तुला काय कमी हाय रं?"

म्हणजे माझं कॉलेज तिथेच संपलं होतं. एवढ्यात काकू बाहेर आल्या. आबांच्या खांद्यावर घोंगडं होतं. मी मनात म्हटलं, काकू, आज नको. आजचा दिवस नको.

बोट वळलं. "ते घोंगडं आधी उन्हात."

आबांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "बाई, एक इचारतो. ह्ये माझ्याच पोराला, का समद्यास्नी?"

"जावयालासुद्धा," काकू म्हणाल्या. "पहिला दिवाळसण होता त्यांचा. होल्डॉल फरशीवर, आणि जावई ओसरीवर तोंड फुगवून. अजून धड बोलत नाहीत माझ्याशी."

"आन् तुमच्या जातीतलं कुणी आलं तर?"

"अहो, ढेकूण विचारतो का जात? मग मी कशाला विचारू?"

आबांनी खांद्यावरचं घोंगडं काढलं, झटकलं आणि स्वतःच्या हाताने फरशीवर पसरलं.

"बराबर हाय तुमचं. आमी बी बाजारातनं म्हस आणली की आदी भाईर बांधतो. गोचीड येचल्याबिगार गोठ्यात घेत न्हाई."

"ऐक!" काकू माझ्याकडे वळल्या. "घरात एवढा शहाणा माणूस असताना तू इथं काय शिकायला आलास?"

मग चहा झाला. तंबाखूच्या पाण्याने गोचीड मरतो की नुसता पळतो, यावर दोघांचा मोठा वाद रंगला. माझ्या शिक्षणाचा विषय कुणीच काढला नाही. मी मधे उभा होतो, बाजारातून आणलेल्या म्हशीसारखा.

निघताना आबा म्हणाले, "ठिवून घ्या ह्याला, बाई. लय माजला तर भाईर बांधा."

अशा रीतीने माझं उच्च शिक्षण सुरू राहिलं. दुसऱ्या वर्षी मला हिवताप आला तेव्हा काकू माझ्या कपाळावर गार पाण्याच्या घड्या ठेवत बसल्या होत्या. "एवढी धडधाकट पोरं सोडून डासालाही हाच सापडला," असं पुटपुटत होत्या. घडी मात्र सुकू देत नव्हत्या.

मी पदवीधर झालो, साताऱ्यात नोकरीला लागलो. पुढे काकूंचे गुडघे गेले, सांगलीचं घर विकलं आणि जावयांनी त्यांना वाईला नेलं. मी भेटायला गेलो. जावई सभ्यपणे बोलले. मागच्या खोलीत काकू खाटेवर बसल्या होत्या. "बैस," म्हणाल्या. नुसतंच "बैस". त्यांच्या दंडावर लाल गांधी उठल्या होत्या.

"काकू, हे काय? ही खाट कुणी अंगणात काढत नाही?"

त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"लेकीचं घर आहे रे. बोलायचं नसतं."

चहा घेऊन मी निघालो. आधी गावी आबांना सांगून आलो आणि साताऱ्याला पोचल्यावर काकूंना हे पत्र टाकलं:

"तीर्थस्वरूप काकूंस कृ. सा. न. वि. वि.

मला इथे दोन खोल्या मिळाल्या आहेत. एक रिकामीच असते. आबा म्हणतात, बाईंना घेऊन ये, मी आलो तर ओसरीवर झोपेन. लेकीशी आणि जावयांशी मी बोलतो, तुम्ही काही बोलू नका.

खोलीत ढेकूण आहेत का, असे तुम्ही विचाराल. आहेत. खाटेत आहेत, भिंतीत आहेत, दाराच्या फटीतही आहेत. शेजारी औषध मारू म्हणत होते. मी त्यांना हात लावू दिलेला नाही. सगळे तुमच्यासाठी राखून ठेवले आहेत.

रविवारी न्यायला येतो. नाही म्हणायचे असेल, तर ते इथे येऊन मोठ्याने म्हणा."