कोकमाचं प्रभुभोजन

आमच्या चर्चच्या मंडळीतली तरुण पोरं माझ्या पाठीमागे मला 'तुतारीबाई' म्हणतात. शेवटच्या दिवशी देवदूत तुतारी वाजवेल, पण त्याच्या आधी ही बाई वाजवेल, असा त्याचा अर्थ. मला राग येत नाही. चौतीस वर्षं सोलापुरात शाळेत गणित शिकवलं, त्यात याहून वाईट नावं पडली होती. निवृत्त झाल्यावर मंडळीचा तरुण संघ माझ्या गळ्यात पडला; खरं सांगायचं तर मीच तो गळ्यात घालून घेतला. आमच्याकडे लग्न होईपर्यंत माणूस तरुण समजला जातो. त्यामुळे संघात सोळा वर्षांच्या पोरी आहेत, तसे टक्कल पडायला लागलेले दोघेतिघेही आहेत. दर शनिवारी त्या सगळ्यांना मी एकच प्रश्न विचारते: प्रभू आज आला, तर तुमची तयारी आहे का?

यंदा मे महिन्यात तीन दिवसांचं शिबिर घेतलं. चर्चच्या हॉलमध्ये कूलरसुद्धा गरम वारा फेकत होता. पोरं घाबरलेली होती, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. मोबाईलवर कोण कोण त्यांना काय काय पाठवतं: चंद्र लाल झाला, अमक्या तारखेला सगळं संपणार. एकीने मला विचारलं, "बाई, दुकानात पैसे द्यायचा तो कोड असतो, ती श्वापदाची खूण हाय का?" ती खूण घेणारे शेवटी नरकात जाणार, असं बायबलच्या शेवटच्या पुस्तकात आहे. मी म्हटलं, "मग मंडईतल्या सगळ्या भाजीवाल्या गेल्या की गं नरकात!" सगळे हसले. ती हसली नाही. तिचे वडील आजारी, तिला नोकरी नाही. उद्या जग संपलं तर बरंच होईल, असं कुठंतरी तिला वाटत असावं. मला तिची फार दया आली आणि आपल्या विनोदाची लाज वाटली.

म्हणून शेवटच्या दिवशी लिहून नेलेला संदेश बाजूला ठेवला आणि साधंच बोलले. तारीख कुणालाही माहीत नाही, म्हटलं, आणि जो माहीत आहे म्हणतो त्याचा नंबर मोबाईलमधून काढून टाका. पण न्याय होणार आहे. भिऊन काही होत नाही, रडून तर मुळीच होत नाही. ज्याचं आपण वाईट केलं, त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं आणि सांगायचं. यालाच पश्चात्ताप म्हणतात. उद्यावर ढकलू नका. दार उघडेल की नाही, याची काळजी तुम्ही करू नका.

असं मी बोलले. चांगलं बोलले, असंही मला वाटलं. घरी येऊन ताक प्यायले आणि गाढ झोपले.

शिबिर संपल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता दार वाजलं. संघातलाच एक जण होता, तिशीला आलेला, एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करतो. त्याचे वडील पूर्वी आमच्या चर्चचे शिपाई होते. घंटा वाजवायची, बाकं पुसायची, आणि आवारातल्या दोन खोल्यांत राहायचं. माणसं मूळची मंद्रूपकडची. हा आणि माझा मुलगा एका वर्गात होते, एका सायकलवर हिंडायचे. पुढच्या महिन्यात याचं लग्न आहे. मला वाटलं, पत्रिका घेऊन आला.

तो आत आला नाही. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, ते कोकम मी घातलं हुतं."

मी काय ऐकलं तेच मला क्षणभर कळेना.

कोकमाची गोष्ट आमच्या मंडळीत सगळ्यांना माहीत आहे, तुम्हाला सांगायला हवी. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि बोटाएवढ्या पेल्यातला द्राक्षरस. दारू नाही; काळी द्राक्षं उकळून, फडक्यातून गाळून केलेला रस. तो करण्याचा मान बरीच वर्षं माझ्याकडे होता. शनिवारी मी बाटली भरून चर्चच्या मागच्या खोलीतल्या कपाटात ठेवायची आणि किल्ली आमच्या घरी खिळ्याला असायची. बारा वर्षांपूर्वी मार्चमधल्या एका रविवारी पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, मंडळीने डोळे मिटून पेले तोंडाला लावले, आणि पुढच्या बाकावरचे एक म्हातारे कंपाउंडर मोठ्याने म्हणाले, "ह्यात जिरं हाय की!"

रसाच्या बाटलीत कोकमाचं सरबत होतं. मीठ-जिरं घातलेलं, दुकानातलं. ज्या बाईंनी पेले भरले त्यांना नेमकी सर्दी. आज मला हसू येतं, पण त्या दिवशी कुणी हसलं नाही. आमच्यात अयोग्य रीतीने ते भोजन घेणं म्हणजे स्वतःवर न्याय ओढवून घेणं. बायका रडल्या. किल्ली आमच्या घरात, आदल्या दिवशी गाण्याच्या तालमीनंतर कुलूप लावायला गेला होता माझा मुलगा. सतरा वर्षांचा, बारावीला. मी त्याच्याकडे पाहिलं, तो घामाघूम झाला होता आणि खाली बघत होता. माझं उत्तर मला तिथंच मिळालं.

पाळकसाहेब भले माणूस. म्हणाले, पोर आहे, चार भिंतींत मिटवू. मंडळीचे पंचही तयार होते. मीच म्हटलं, नाही. माझे यजमान जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. बिनबापाचं पोर म्हणून आईने लाडावलं, असं कुणी म्हणायला नको, हे माझ्या डोक्यात बसलं होतं. दुसऱ्यांच्या मुलांना पश्चात्ताप शिकवणारी मी, माझ्या मुलाला सूट कशी देणार? पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर मी त्याला कोपराने ढोसून म्हटलं, "उभा राहा." तो सगळ्या मंडळीसमोर उभा राहिला. "माझी चूक झाली, मला क्षमा करा," एवढं म्हणाला आणि बसला. मला त्याचा अभिमानसुद्धा वाटला, हेही इथं लिहून ठेवते.

त्यानंतर त्याने प्रभुभोजन घेतलं नाही. बारावी झाली, पुण्याला गेला, तिथंच शिकला, तिथंच नोकरीला लागला. नाताळला फोन करतो. "बरी आहेस ना? औषधं घेतेस ना?" दोन मिनिटांत संपतं. मी म्हणत आले, पोराचं मन कठीण झालं, पापाने माणूस असाच दूर जातो. शिबिरात उदाहरण म्हणूनसुद्धा सांगितलं, नाव न घेता. संघात सगळ्यांना कळायचं.

आणि आता हा उंबऱ्यात उभा राहून भडाभडा सांगत होता. त्या शनिवारी माझ्या मुलाला क्रिकेटची मॅच होती, म्हणून त्याने किल्ली याच्याकडे दिली. "लई तहान लागली हुती, बाई. कपाट उघडलं. एक घोट घेतला, मग दुसरा. बाटली रिकामीच झाली की. भ्यालो. कोपऱ्यावरच्या दुकानातनं कोकम आणलं. रंग तोच दिसला." बाबांची नोकरी जाईल, खोल्या सोडाव्या लागतील, म्हणून तोंड उघडलं नाही. माझ्या मुलाला त्याने त्याच दिवशी सांगितलं होतं. मुलगा म्हणाला होता, गप बस, मी बघतो.

"बारा वर्षं प्रभुभोजन घेतोय बाई, दर महिन्याला. दर महिन्याला वाटतं, मी माझा न्यायच गिळतोय. आता लग्न हाय. तिच्या शेजारी बसून कसं घेऊ? तुमी म्हणालात, दारात जा. आलो."

मी शिकवलेलं तंतोतंत त्याने केलं होतं. मोबाईलवरच्या तारखांना न भिता, माझ्या शब्दावर विश्वास ठेवून हा माणूस दवाखान्यातून अर्धी रजा टाकून आला होता. आणि मी काय केलं? मी म्हटलं, "आत्ता सुचलं तुला?" आणि दार लावलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. बराच वेळ तो बाहेर होता. मग चपला वाजल्या आणि तो गेला.

राग मला त्याचा आला होता, असं मी स्वतःला दोन दिवस सांगत राहिले. भाकरी करताना सांगितलं, प्रार्थनेला बसून सांगितलं. प्रार्थना काही होईना. तिसऱ्या दिवशी पहाटे पिशवीत एक साडी, शेंगाचटणीचा डबा आणि कडक भाकरी भरल्या आणि पुण्याची गाडी धरली. मुलाला कळवलं नाही. कळवलं असतं तर त्याने 'कशाला उगाच' म्हटलं असतं आणि मीही राहिले असते.

रविवार होता. तो घरी होता, चर्चला अर्थातच गेलेला नव्हता. मला दारात बघून घाबरला. "काय झालं? बरी आहेस ना?" म्हणाला. पिशवी घेतली, पंखा लावला, चहा ठेवला. त्याच्या कानाजवळचे दोन केस पांढरे झालेले मला दिसले. मी खुर्चीवर बसलेच नाही.

"एक विचारायचंय," मी म्हटलं. "ते कोकम कुणी घातलं होतं?"

तो कपात चहा गाळत होता. मान वर न करता म्हणाला, "मीच की. सांगितलं होतं ना सगळ्यांसमोर."

बारा वर्षांनी, शंभर कोसांवर, आपल्याच स्वयंपाकघरात तो अजून मित्राला झाकत होता. मी म्हटलं, "खोटं बोलतोस. तो आला होता माझ्याकडे. सगळं सांगितलं त्याने."

गाळणं त्याच्या हातात तसंच राहिलं. "तो आला? स्वतः?"

"स्वतः. मी चुकले रे. मी तुला न विचारता उभं केलं. मला क्षमा कर, हे सांगायला आलेय."

ही वाक्यं मी गाडीत कुर्डुवाडीपासून घोकली होती. त्याने ती ऐकलीच नाहीत. "तू काय म्हणालीस त्याला?" त्याने विचारलं.

मी खरं तेच सांगितलं. "दार लावलं."

माझा मुलगा माझ्यावर कधी ओरडलेला नाही. त्या दिवशीही ओरडला नाही, पण कप त्याने असा ठेवला की चहा ओट्यावर सांडला. "मला तू एकदाही विचारलं नाहीस, ते मी सोडून दिलं, आई. तू एकटी होतीस, लोकांना भ्यायचीस, मला कळत होतं. पण त्याने बारा वर्षांनी तोंड उघडलं. तुझं ऐकून उघडलं. आणि तू दार लावलंस?"

मी रडले. तो ओटा पुसत राहिला. थोड्या वेळाने मी विचारलं, "आणि मला? मला माफ करशील का?"

"आधी त्याच्याकडे जाऊन ये," तो म्हणाला. "मग फोन कर."

चर्चची पायरी न चढणाऱ्या या पोराने मला माझाच धडा वाचून दाखवला, तोही माझ्यापेक्षा कमी शब्दांत. रात्री त्याने मला पलंग दिला आणि स्वतः खाली सतरंजी टाकली. सकाळी स्टेशनवर सोडायला आला, खिडकीशी पाण्याची बाटली दिली, गाडी हलेपर्यंत थांबला.

सोलापूरला उतरले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. घरी गेले नाही, रिक्षा सरळ त्याच्या मित्राच्या घराकडे घ्यायला सांगितली. गल्ली उन्हाने पेटलेली होती, कुत्रंसुद्धा बाहेर नव्हतं. दाराशी उभी राहिले आणि पहिल्यांदा मला कळलं की मी पोरांना किती सहज सांगत आले. कडीला हात लावायलाच होईना. हा दार लावील, लावूच दे, असं मनात म्हणत होते, आणि लावू नये म्हणून देवाची आळवणीही चालली होती.

त्याने दार उघडलं. अंगात बनियन, उजवा हात जेवणाने खरकटा. मी म्हटलं, "मी चुकले. तू आलास आणि मी—" पुढचं येईना. इतक्या वर्षांत इतक्या पोरांच्या तोंडी घातलेल्या वाक्यांतलं एकही माझ्या तोंडी आलं नाही.

"आत या की बाई," तो म्हणाला. "उन्हाचं कशाला उभ्या?" मग आत वळून, "आई, बाई आल्यात, एक ताट घे."

मी आत गेले. पाणी प्यायले. त्याच्यासमोरच मुलाला फोन लावला. एका घंटीत उचलला, म्हणजे हातातच धरून बसला होता.

"झालं," मी म्हटलं.

तो म्हणाला, "जेवलीस का?"

बारा वर्षांत त्याने हे विचारलं नव्हतं. मी नाही म्हणाले, आणि मग फोन त्याच्या मित्राच्या हातात दिला.