देवराव पाटलाचा गडवा

आमच्या गावात पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की झडत्या सुरू होतात. झडती म्हणजे यमक जुळवून भर गर्दीत कुणाची तरी काढलेली खरडपट्टी. बाकीच्यांनी पोट धरून हसायचं आणि ज्याच्यावर आहे त्यानंही हसल्यासारखं करायचं, असा रिवाज. अलीकडे एक झडती दर पोळ्याला होतेच:

"चौथऱ्यावर गोटा, गोट्यावर हार,
खाली बैल पाटलाचा, वर जयजयकार!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

ही ज्याच्यावर आहे तो आमचा देवराव पाटील. मेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पाटील अजून जिवंत आहे, तोवर लिहून मोकळा होतो. माझं, म्हणजे नासिर मिस्त्रीचं, सायकलीचं दुकान त्याच्या ओट्यासमोर आहे. त्यामुळे पंक्चर काढता काढता त्याच्या थापा ऐकणं हा माझा जोडधंदाच झाला.

माणूस तसा साधा. घाटंजीच्या बाजारात असे पन्नास भेटतील. कपाशीची बरी जमीन, मोठा फेटा, त्याहून मोठा आवाज. पण त्याच्याजवळ एक पितळी गडवा, म्हणजे पाण्याचा तांब्या, होता, आणि त्या गडव्यात त्याचा अर्धा जीव होता. घराबाहेर पडला की गडवा सोबत. दुसऱ्याच्या घरचं पाणी त्याला चालत नसे, आणि त्याच्या गडव्याला दुसऱ्याचा हात चालत नसे. माझ्या दुकानातल्या माठाकडे तर तो असा बघायचा, जसा काही मी त्यात साप पाळला आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली गोष्ट. पावसाळ्यातल्या एका सकाळी ढग मोरटेकीवर उतरले होते. मोरटेक म्हणजे गावामागची टेकडी. एक लष्करी विमान त्या ढगांत शिरलं आणि टेकडीवर आदळलं. पाटील म्हणून देवरावला जाणं भाग होतं. तो गेला, पण पायथ्याच्या बेहड्याच्या झाडापर्यंत. तिथं उभा राहिला. धोतराचा सोगा नाकाला आणि हातात गडवा. त्याच्यावर छत्री धरून त्याचा सालदार, म्हणजे सालाच्या बोलीवरचा गडी, बळीराम उभा होता. पुढचं सगळं बळीरामनंच मला सांगितलं, आणि बळीरामला खोटं बोलायची अक्कल नाही.

वर गेले ते महारवाड्यातले लोक. मेलेलं ढोर ओढायचं, बेवारस मढं उचलायचं, हे काम गावानं पिढ्यान् पिढ्या त्यांच्या गळ्यात बांधलेलं. त्यांच्या पुढे डोमाजी होता. थोड्या वेळानं तो वरून ओरडला, "पाटील, एक जित्ता हाय! पानी मांगून राह्यला!"

पाटील खालून ओरडला, "मंग मी काय करू? माह्या गडव्याले हात लावशीन काय? नाल्याचं ने!"

नाला टेकडीच्या पार पलीकडे. बळीराम म्हणाला, "मालक, मी नेऊन देतो." तर त्याच्यावरच डोळे वटारले. गोरा असो की काळा, मरणाऱ्या परक्या माणसाच्या तोंडाला लागलेला गडवा पुन्हा घरात कसा घ्यायचा? हा त्याला पडलेला प्रश्न. वर माणूस मरत होता आणि याला पितळेची काळजी.

डोमाजीनं पळसाच्या पानात पावसाचं पाणी धरलं आणि त्या पोराच्या ओठांना लावलं. पोरगा गेला. त्याला आणि त्याच्या सोबत्यांना डोमाजीनं पलीकडच्या उतारावर, मोहाच्या झाडाखाली मूठमाती दिली. पुढे लष्कराचे लोक आले, जळकं विमान पाहून गेले; लढाई चालू होती, परत कुणी फिरकलं नाही.

पाटील घरी आला आणि आंघोळ करून अंगावर गोमूत्र शिंपडून घेतलं. दुरून पाहिल्याचाही त्याला विटाळ झाला होता! दुसऱ्या दिवशी मात्र त्याला आठवलं की विमानातल्या लोकांजवळ घड्याळं असतात, साखळ्या असतात. लगेच डोमाजीवर चोरीचा आळ. त्याची झोपडी उलटीपालटी केली, चूल उकरली, रुखमाबाईचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, लुगडंसुद्धा झटकून पाहिलं. काही सापडलं नाही. पाटलानं माफी मागितली नाही हे सांगायला नकोच.

छप्पन साली डोमाजी नागपूरला गेला आणि बौद्ध होऊन आला. आल्या आल्या ओट्यासमोर ताठ उभा राहून म्हणाला, "पाटील, आजपासून ढोर ओढनं बंद." पाटील खो खो हसला. म्हणाला, "पोट बोलवीन तवा येतीन नाक घासत." कुणी आलं नाही. उलट पुढच्या उन्हाळ्यात पाटलाचा लाडका बैल हिऱ्या मोरटेकीवर चरता चरता पडला आणि मेला.

आता आली का पंचाईत! पाटलानं निरोपावर निरोप धाडले. डोमाजीचं एकच उत्तर, "बैल त्यायचा, खांदाबी त्यायचाच." शेवटी बळीरामनं एकट्यानं खड्डा खणला, हिऱ्याला लोटला, आणि कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर दगडांचा ढीग रचला. पाटलाच्या घरचं ढोर घरच्या माणसानं ओढलं हे कळलं तर अब्रूचा पंचनामा. म्हणून बळीरामला दम मिळाला, "कुठी गाडला ते मलेबी सांगू नको." आणि गावात सांगितलं, हिऱ्या वणीच्या बाजारात विकला. डोमाजीच्या लोकांना खरं माहीत होतं, पण त्यांना विचारतो कोण?

चीनच्या लढाईनंतर जो तो जवानांच्या नावानं काहीतरी करायला निघाला. आमच्या तालुक्यातल्या चार पुढाऱ्यांना मोरटेकीवरचं विमान आठवलं. वीर वैमानिकांचं स्मारक बांधायची समिती निघाली, आणि सवाल आला, त्यांना पुरलं कुठे?

"मले विचारा ना!" पाटील छाती फुगवून म्हणाला. "याच हातानं मूठमाती देल्ली."

डोमाजीला विचारायचं कुणालाच सुचलं नाही. मी त्याला म्हणालो, "अरे, जाऊन सांग." तो म्हणाला, "नासिरभाई, चोर म्हनून माही चूल उकरली त्यानं. आता गरज त्याची हाय. विचारलं तं सांगीन." त्याचं मला पटलं. पाटलाला फक्त तोंड उघडून एक प्रश्न विचारायचा होता. पण डोमाजीला विचारलं की आपण वर गेलोच नव्हतो, हे उघडं पडणार. अब्रूपेक्षा स्मारक चुकलेलं बरं, असा त्याचा हिशोब.

समितीला घेऊन तो जन्मात पहिल्यांदा मोरटेकीवर चढला. माथ्यावर धापा टाकत इकडेतिकडे पाहिलं. समोर दगडांचा ढीग. "हेच!" त्यानं बोट दाखवलं. बळीरामचं तोंड उघडलं. "तू चूप राह्य!" पाटील खेकसला. बळीराम चूप राहिला, सवयच ती.

पाया खणताना एक लांबलचक हाड निघालं. सगळ्यांनी टोप्या काढल्या. एक पुढारी हळूच म्हणाला, "गोरे लोक, हाडापेरानं दांडगेच असणार." पाटलानं ते हाड दोन्ही हातांनी उचललं, कपाळाला लावलं आणि डोळे पुसले. जित्या माणसाच्या ओठाला ज्यानं गडवा लागू दिला नाही, त्यानं मेलेल्या बैलाचं हाड कपाळी लावलं! दुपारी मंडळी जेवायला उतरली तेव्हा मातीतून शिंग निघालं. बळीरामनं पाटलाच्या कानात खरं काय ते सांगितलं. पाटलानं आजूबाजूला कुणी नाही हे पाहून घेतलं आणि म्हणाला, "चुना टाक वरून."

म्हणजे आता तो जाणूनबुजून खोटा होता. आधी नुसता मूर्ख होता.

चौथरा झाला, दगड उभा राहिला, त्यावर वीरांना वंदन आणि खाली पाटलाचं नाव. उद्घाटनाला जबलपूरहून एक ख्रिस्ती बाई आली. केस पिकलेले, पायानं अधू. तिचा एकुलता धाकटा भाऊ त्या विमानात होता. आपण मरण्याआधी एकदा त्याच्या कबरीपाशी बसायचं, एवढीच तिची इच्छा. दोन माणसांच्या आधारानं ती कशीबशी टेकडी चढली. पाटलानं भाषण ठोकलं, "याच हातानं त्याले शेवटचं पानी पाजलं!" टाळ्या पडल्या. बाईनं पाटलाचे दोन्ही हात धरून डोळ्यांना लावले.

मग तिनं विचारलं, "भाईसाहब, उसके गले में माँ की चेन थी, क्रॉसवाली. वो?"

"सरकारजमा केली," पाटील बेधडक म्हणाला.

बाई चौथऱ्याला मिठी मारून रडायला लागली. आतापर्यंत मला हसू येत होतं. ते तिथं संपलं. ती म्हातारी कुणाला भाऊ म्हणून रडत होती, हे माहीत असलेला पाटील हात जोडून शेजारी उभा होता आणि त्याचं तोंड उघडत नव्हतं.

मागच्या गर्दीतून डोमाजी उठला आणि सरळ बाईपाशी गेला. त्याला हिंदी फारसं येत नव्हतं. तो म्हणाला, "बाई, तुमचा भाऊ इथं नाही. तिकडं खाली हाय, मोहाखाली. साखळी त्याच्या गळ्यातच हाय. म्या काढली नाही."

"डोम्या, बस खाली!" पाटील ओरडला.

बाईनं डोळे पुसले. एकदा डोमाजीकडे पाहिलं, एकदा पाटलाकडे. "तो फिर यहाँ कौन है?"

पुढारी एकमेकांकडे पाहू लागले. तेवढ्यात बळीराम, ज्यानं पाटलासमोर कधी मान वर केली नव्हती, तो म्हणाला, "हिऱ्या हाय, बाई. मालकाचा बैल. मीच गाडला."

डोमाजीनं तिला हात दिला आणि ती उतरायला लागली. एकेक करून सगळेच मागं निघाले, हार घेऊन आलेले पुढारीसुद्धा. मोहाखाली डोमाजीनं एक उंचवटा दाखवला. बाई तिथं बसली, मातीवरून हात फिरवला, आणि विचारलं, "आखिर में क्या माँगा था उसने?"

"पानी," डोमाजी म्हणाला. "पळसाच्या पानातून देल्लं. जेवढं होतं तेवढं."

गडव्याचं त्यानं काढलं नाही. मी असतो तर काढलं असतं, बोंबलून काढलं असतं.

ऊन फार होतं, चढ-उतारानं बाई थकली होती. तिनं पाणी मागितलं. कुणाजवळ पाणी नव्हतं. तेवढ्यात वरून पाटील धावत आला. फेटा सुटलेला, हातात तोच पितळी गडवा, काठोकाठ भरलेला. सगळ्या लोकांसमोर त्यानं तो पुढे केला, आणि जन्मात पहिल्यांदा नाव पूर्ण घेऊन म्हणाला, "घे डोमाजी, दे बाईले."

डोमाजीनं गडव्याकडे पाहिलं. मग गडवा हातात घेऊन बाईला पाणी पाजलं, आणि रिकामा गडवा पाटलाच्या हातात परत देत म्हणाला, "तवा पायजे होता, पाटील."