बेटावरची पुळण

पुण्याच्या कसब्यात नदीच्या अंगाला आमचं कागदाचं काम होतं. जुनी गोणपाटं चुन्यात कुजवायची, कुटून लगदा करायचा आणि हौदाच्या काठी बसून दिवसभर साच्यावर कागद उचलायचा. थोरल्या भावाच्या हातांना चुना सोसत नसे. भेगा पडून रक्त यायचं आणि ओल्या कागदावर डाग उतरायचे. शेवटी अब्बांनीच एका ओळखीच्या जमादाराकडे शब्द टाकला आणि त्याला पेशव्यांच्या आरमारात गोलंदाजांत घालून दिलं.

अम्माला ते मुळीच पसंत नव्हतं. "घाटाखाली कोण आहे आपलं?" ती म्हणाली.

"तोफेचं काम कोरडं असतं," अब्बा म्हणाले. "हात तरी भरून येतील पोराचे."

हात खरोखरच भरून आले. पहिल्या पावसाळ्यात गलबतं बंदरात ओढून ठेवल्यावर तो घरी आला, तेव्हा अम्माने दारातच त्याचे तळवे उलटसुलट करून पाहिले होते. पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडावर वादळ झालं आणि त्याचं गलबत फुटलं. ही बातमी आमच्यापर्यंत यायला दसरा उजाडला. आरमारातला एक माणूस पुण्यात आला होता, तो उभ्याउभ्याच सांगून गेला. प्रेत एका लहानशा बेटाला लागलं होतं, कोळ्यांनी तिथेच पुरलं. अब्बांनी त्याला बसायला सांगितलं, पण तो थांबला नाही.

थंडी सुरू झाल्यावर अब्बा निघाले आणि मला बरोबर घेतलं. गाठोड्यात कबरीवर घालायची हिरवी चादर होती, थोडं गुलाबपाणी होतं. मिठासाठी कोकणात उतरणाऱ्या बैलांच्या तांड्यामागून आम्ही बोरघाट उतरलो. किनाऱ्यावर विचारत विचारत भावाला पुरणाऱ्या कोळ्याचं घर सापडलं. तो आणि त्याची बायको, दोघंही आम्हाला होडीतून न्यायला तयार झाली.

मी समुद्र पहिल्यांदाच पाहत होतो. बाहेर लाटा होडीला उचलून आपटत होत्या, मला दोनदा ओकारी झाली. मग बेटाला वळसा घातला आणि एकाएकी सगळं थांबलं. दोन्ही बाजूंनी काळे खडक पुढे आले होते आणि त्यांच्या कुशीत पांढरी पुळण पसरली होती. पाणी इतकं नितळ की होडीची सावली तळावर दिसत होती. वाळूवर पक्ष्यांच्या पायांखेरीज ठसा नव्हता. वरच्या अंगाला मर्यादवेल जांभळ्या फुलांनी भरली होती. इतकी सुंदर जागा मी आजवर पाहिली नाही.

उंडीच्या झाडाखाली दगडांचा एक लांबट वेढा होता. कोळीण म्हणाली, "ह्यो बगा."

अब्बांनी गुलाबपाणी शिंपडलं. फातिहा म्हटला. मग गाठोडं सोडता सोडता त्यांनी सहज विचारलं, "लाटेनं कुठे आणून टाकला होता?"

कोळीण नवऱ्याकडे बघायला लागली. तो म्हणाला, "सांग आता. बाप हाये त्याचा."

"टाकला न्हवता," ती म्हणाली. "जित्ता व्हता. वादळात आमीबी हितंच आडोशाला आलो व्हतो. फळीला धरून आला. पाय मोडला व्हता. भायेर दर्या असा खवळल्याला, की होडी काढता येईना. वादळ सरंपातुर आमी तिघं हितंच."

अब्बांच्या हातातलं गाठोडं अर्धवट सुटलेलं होतं. "बोलत होता?"

"लई बोलला. तुमची बोली मला कळंना. येकच शबुद पुन्हा पुन्हा. चादर, चादर, असं कायसं."

मीच म्हणालो, "थंडी वाजत असेल. पांघरायला मागत होता."

"कुडकुडत व्हता म्हून म्या माजं लुगडं फाडून घातलं," ती म्हणाली. "पन समदं भिजल्यालं. कोरडं आनू कुठनं?" आणि ती तोंडाला पदर लावून रडायला लागली.

अब्बांनी चादर काढली. कबरीवर पसरली नाही, तर पोर झोपल्यावर खोचतात तशी चारी बाजूंनी दगडांखाली नीट खोचली. मग तिथेच बसून राहिले. वारा नव्हता, फूलसुद्धा हलत नव्हतं. भरती लागायला लागली तशी कोळ्याने हाक दिली. अब्बा म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे."

"अब्बा, अम्मा घरी वाट बघते आहे," मी म्हणालो. पुष्कळ वेळाने ते उठले. माझ्या खांद्यावर त्यांनी एवढा भार टाकला, की वाळूत माझे पाय घोट्यापर्यंत रुतले.

घरी अम्माने विचारलं, "त्रास झाला का हो त्याला?"

"नाही," अब्बा म्हणाले. "पाण्यातच गेला. जागा चांगली आहे, निवांत आहे."

त्यानंतर ते हौदावर बसले, पण त्यांच्या हातून सारख्या जाडीचा कागद उतरेना. कधी जाड, कधी विरळ. पुढच्याच थंडीत ते गेले. खरं काय ते मी अम्माला कधीच सांगितलं नाही.

अब्बांमागे तिने एकच धोशा लावला, मला तिथे ने. बैलगाडीत बसवून मी तिला घाटमाथ्यापर्यंत नेलं. तिथून पुढे गाडी जात नव्हती आणि तिच्या गुडघ्यांना उतार झेपेना. दोन वळणं उतरून ती दगडावर टेकली. खाली कोकण धुरकट पसरलं होतं.

"समुद्र कुठल्या बाजूला?"

मी हात केला. मलाही नक्की ठाऊक नव्हतं.

"दिसत तर नाही," ती म्हणाली. तरी ऊन कलेपर्यंत तिकडेच तोंड करून बसली. मग मी तिला हाताला धरून वर आणलं आणि गाडी पुण्याकडे वळवली.