क्लिफर्डच्या बॉयलरचं पाणी

मागच्या दारानं मी आत शिरले, तर क्लिफर्ड हेग स्वयंपाकघरात बॉयलरसमोर खुर्ची टाकून बसला होता. हातातला चहा गार झालेला, नजर वर.

"काय रे, टीव्ही विकलास की काय?" मी विचारलं.

"पाण्याच्या दाबाचा काटा बघतोय," तो म्हणाला. "सकाळी दीडवर आणून ठेवला होता. आता बघ."

मी बघितलं. काटा एकच्याही खाली गेला होता. त्यानं गुडघ्यावर हात टेकून उठत खालची तोटी फिरवली, नळाचं पाणी आत सोडलं, काटा पुन्हा दीडवर आणला आणि परत खुर्चीत बसला.

हॅलिफॅक्सच्या उतारावरची आमची दगडी घरं एकमेकांना चिकटून उभी आहेत. त्याची आणि माझी भिंत एकच. क्लिफर्डनं जन्मभर रंगाच्या कारखान्यात वाफेचे पाइप जोडले. हाताला कसब आणि तोंडाला कुलूप, असा माणूस. बायको मार्जरी होती तोवर तीच दोघांच्या वाटचं बोलायची. ती गेल्यावर हा शुक्रवारी मासे-चिप्स आणतो, रविवारी एकट्यासाठीसुद्धा बीफ भाजतो, पुडिंग फुगवतो, ग्रेव्ही करतो आणि टाय बांधून जेवायला बसतो. असा माणूस काट्यासमोर रखवालदारासारखा बसलेला बघून आधी मला हसू आलं. त्याचा चेहरा बघितल्यावर ते विरलं.

घर गरम ठेवायला या बॉयलरचं पाणी पाइपांतून प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरमध्ये फिरतं; ते कुठे गळलं की काटा उतरतो. त्याची दुरुस्ती नुकतीच झाली होती. गेनर नावाची बाई आमच्या सगळ्या गल्लीचे बॉयलर बघते. अंगानं दांडगी, बोलायला मोकळी. तिनं एक गळका व्हॉल्व्ह बदलला, प्रेशरच्या टाकीत हवा भरली आणि सांगितलं, "काका, आता मला विसरून जा." आठवडा उलटायच्या आत काकांनी तिला परत बोलावलं. मग परत. आणि परत.

खरी भीती बॉयलरची नव्हतीच. क्लिफर्डची मुलगी हिलरी लीड्सला असते, शाळेत उपमुख्याध्यापिका आहे, आणि जगाकडे सहावी 'ब'कडे बघावं तशी बघते. तिनं ठरवून टाकलं होतं की दुरुस्ती झालेल्या बॉयलरचं पाणी आपोआप कमी होत नाही. बाबाच काहीतरी करतात आणि विसरतात. रेडिएटरची हवा काढायची छोटी किल्ली, जिनं पाणीही सुटतं, ती तिनं खिळ्यावरून काढून पर्समध्ये टाकली. तरी काटा उतरला. "म्हणजे दुसरी किल्ली असेल कुठेतरी," ती म्हणाली. म्हाताऱ्यांवर लक्ष ठेवायला माणूस असतो अशा इमारतीतली एक खोली तिनं बघून ठेवली होती आणि गुरुवारी बाबांना तिथे चार दिवस राहून बघायला नेणार होती.

मी म्हणाले, "तू नाही म्हण की! तोंड शिवलंय का तुझं?"

"काय सांगून नाही म्हणू?" क्लिफर्ड म्हणाला. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "ग्लेनिस, खरं सांग. तुला दिसतं का? मी काही करतो का?"

त्याचा भाऊ आर्नल्ड असाच गेला. शेवटी शेवटी दुधाच्या बाटल्या ओव्हनमध्ये ठेवायचा आणि बायकोला आई म्हणायचा. क्लिफर्ड रोज त्याला भरवायला जायचा. तेव्हा आता तो कशाला घाबरलाय ते मला कळलं.

"वेडा आहेस," मी म्हणाले. यापेक्षा शहाणं काही मला सुचलं नाही.

बुधवारी गेनर हट्टालाच पेटली. तिनं बॉयलर पाइपांपासून तोडून एकटाच बंद करून ठेवला. काटा हलला नाही. म्हणजे बॉयलर धडधाकट, गळती पाइपांत. मग तिनं एकेक रेडिएटर बंद केला. काटा उतरला. सगळे बंद केले. तरी उतरला. तिनं जिन्यावरचा गालिचा गुंडाळला, माडीवरच्या फळ्या उचलल्या, पालथी पडून टॉर्च मारला. सगळीकडे धूळ, कोरडी ठणठणीत. तळघरात गेली. तिथेही कोळशाच्या जुन्या भुकटीशिवाय काही नव्हतं.

"काका, तुमचं पाणी ना घरात आहे, ना घराबाहेर," ती डोकं खाजवत म्हणाली. "मला बिस्कीट द्या. मला काही कळेनासं झालंय."

"मला तर कधीपासूनच कळेनासं झालंय," क्लिफर्ड म्हणाला आणि बिस्किटांचा डबा समजून साखरेचा डबा तिच्यापुढे धरला. गेनरनं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

शेवटी गेनरनं हीटिंग पुरं पेटवून दिलं. पाइप तापले की फट मोठी होते, कदाचित कुठेतरी ओल उठेल, असा तिचा हिशेब होता. मला ते घर तापलेलं बघून कसंतरीच वाटलं. ऑक्टोबरअखेरच्या रविवारी सगळ्या देशाची घड्याळं तासभर मागे होतात, आणि त्याआधी आमच्या गल्लीत कुणी हीटिंग लावत नाही. थंडी वाजली तर स्वेटर घाल, असं आम्हाला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं असतं. क्लिफर्ड हा नियम पाळतो आणि मीही पाळते. वर्षानुवर्षं आमच्या दोन्ही घरांचं हीटिंग एकाच रविवारी सुरू होतं.

म्हणूनच त्या दुपारी मी माझ्या घरी गारठत होते. जास्तीची रजई काढावी म्हणून माडीवरच्या मागच्या खोलीत गेले. ती ट्रेसीची, माझ्या मुलीची खोली. ट्रेसी लग्न होऊन कॅनडात गेल्यापासून तिथे अडगळ असते. मी दार उघडलं, आणि उबेचा झोत तोंडावर आला.

मी दार लावून घेतलं. खाली गेले. माझा बॉयलर बंद होता, गार दगड. वर आले. दार उघडलं. ऊब! पुन्हा खाली गेले आणि बॉयलरवर दोन्ही हात ठेवून उभी राहिले. क्लिफर्डच्या डोक्याला जे झालंय ते भिंतीतून माझ्याकडे आलं की काय, असं खरंच एकदा मनात येऊन गेलं. मग तिसऱ्यांदा वर जाऊन मी रेडिएटरला हात लावला आणि हात चटकन मागे घेतला. पोळण्याइतका गरम. त्याच्या खालच्या खोक्यात जुन्या रजया होत्या. मी एक ओढून काढली, तर ती भिजून गच्च झालेली, कुबट वास मारत होती.

ती रजई हातात घेऊन, चपला न घालता मी तशीच पलीकडे धावले.

"गेनर! माझ्याकडे चल! माझं हीटिंग बंद आहे आणि माझा रेडिएटर पेटलाय!"

गेनर माझ्याकडे बघत राहिली. क्लिफर्ड मात्र उठून उभा राहिला.

"कुठला? मागच्या खोलीतला?" तो म्हणाला. "तो चालू कसा असेल? रॉयनं बंद केला होता. मला म्हणाला, केला बंद."

रॉय म्हणजे माझा नवरा. जाऊन बरीच वर्षं झाली.

"रॉयनं काय बंद केलं? तुझ्या बॉयलरशी रॉयचा काय संबंध?" माझा आवाज चढला.

मी टेबलावर मूठ आपटली. तेव्हा तो बोलला, नेहमीप्रमाणे चार शब्दांत आटपायच्या बेतानं, पण मी आटपू दिलं नाही.

रॉय कामाला होता तो कारखाना बंद पडला, तो हिवाळा. ट्रेसी दीड वर्षाची, छाती सतत भरलेली. घरात खाली एक शेगडी, वर बर्फ. चर्चच्या बायका टोपली घेऊन आल्या तेव्हा मी त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवलं होतं. आम्हाला कुणाचे उपकार नकोत म्हणाले होते, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. त्याच आठवड्यात मी ट्रेसीला घेऊन आईकडे गेले, आणि परतले तर तिच्या खोलीत रेडिएटर. रॉय म्हणाला, मोडीतून आणला, आपल्याच शेगडीमागच्या पाण्याच्या टाकीला जोडला. मी विश्वास ठेवला; खरं तर त्या दोघांनी तो क्लिफर्डच्या पाइपाला जोडला होता. पुढे आमच्याकडे गॅसचा बॉयलर आला तेव्हा रॉय म्हणाला, त्या खोलीतला राहू दे, तो चालतोय. मी तेव्हाही विश्वास ठेवला. क्लिफर्डला त्यानं सांगितलं की आता तुझा पाइप तोडला. उद्या तोडू म्हणाला असेल. रॉयचा उद्या कधी उजाडलाय!

"भिंतीत भोक पाडून तुझ्याकडून आणला?" मी म्हणाले. "आणि मला सांगितलं नाहीत?"

"शब्द दिला होता रॉयला. तो म्हणाला, तुला कळलं तर तू उपटून फेकशील."

"फेकलाच असता!"

"तेच तर."

एवढ्यात पुढचं दार वाजलं. शाळा सुटल्यावर हिलरी आली होती, बाबांची बॅग भरून ठेवायला. रजईचं ओझं हातात घेऊन अनवाणी उभी असलेली मी तिला दिसले.

"ग्लेनिसमावशी, आता काय केलं यांनी?" तिनं विचारलं. मग थकलेल्या आवाजात म्हणाली, "हे आजचं नाही गं. आई सांगायची ना, ख्रिसमसला आजीकडे ब्रिडलिंग्टनला जायचो, तर बाबा घरचं हीटिंग चालू ठेवून यायचे. दर वर्षी! आई किती चिडायची. तेव्हापासूनच विसरतात ते."

"विसरायचो नाही," क्लिफर्ड म्हणाला. तो मुलीकडे न बघता टेबलाकडे बघत होता. "पलीकडे पोरगी झोपलेली असायची ना."

"कुठली पोरगी?"

आत्तासुद्धा तो सांगणार नव्हता. उद्या गुरुवारी बॅग घेऊन मुकाट त्या खोलीत गेला असता, पण माझ्यादेखत सांगितलं नसतं.

"माझी," मी म्हणाले. "माझी पोरगी. तुझ्या बापाच्या बॉयलरवर वाढली ती, हिलरी. मी कुणाचं काही घेत नाही म्हणून मिरवत राहिले, आणि माझी खोली कायम यानं गरम ठेवली. त्याच्या डोक्याला काही झालेलं नाही. पाणी माझ्याकडे आहे. हे बघ." आणि मी ती ओली रजई तिच्या हातात दिली.

हिलरी रजई धरून खुर्चीत बसली. तिच्या कोटावर पाणी ठिबकत होतं, तरी तिनं ती खाली ठेवली नाही. मग बाहेर जाऊन फोनवर त्या इमारतीतल्या कुणाला तरी म्हणाली, आम्ही उद्या येत नाही, नाही, परवाही नाही.

आम्ही सगळे माझ्याकडे वर गेलो. गेनर रेडिएटरखाली आडवी झाली. "सापडला," ती म्हणाली. "इथे गळतोय, खालच्या जोडाला. भिंतीजवळ कापून टोपण लावते, कायमचं मिटेल. लावू?"

क्लिफर्ड म्हणाला, "लाव. ग्लेनिसचं स्वतःचं हीटिंग आहे आता."

"टोपण नको," मी म्हणाले. "नवा जोड घाल."

"ग्लेनिस—"

"तू गप्प बस. इतकी वर्षं बसलास तसा."

गेनरनं गंजलेला तुकडा कापून त्याच्या हातात दिला. क्लिफर्डनं चष्मा कपाळावर सरकवला आणि तो उजेडात धरून चहूबाजूंनी फिरवून बघितला. अंगठा फिरवला. त्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ हळूहळू ओसरला.

"भिंतीकडचा जोड माझा," तो म्हणाला. "तो शाबूत आहे. हा रॉयचा. त्याला म्हटलं होतं मी, जोडायच्या आधी नीट घासून घे म्हणून."

"रॉयचाच असणार," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.