चाचीच्या पोरीचं पोट

"दुखलं तं सांगजो."

बांगडी चढवताना चाची हे प्रत्येकीला सांगायच्या. नवरीला, शाळेतल्या मुलीला, तहसीलमधल्या मॅडमला, आणि मलाही. समोरची तोंड उघडेपर्यंत बांगडी मनगटावर गेलेली असायची. त्या चेहऱ्याकडे बघायच्याच नाहीत. अंगठ्याखालचा उंचवटा दोन बोटांनी दाबायचा आणि "दोन-सहा" म्हणून माप सांगून मोकळं व्हायचं. एकदा मी हट्टानं लहान माप मागितलं. "घे. उद्या साबन लावून काढायले येजो," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं गेले.

संग्रामपूरला त्यांचं बांगड्यांचं दुकान आणि मी काम करते ती लॅब एकाच ओळीत, मध्ये फक्त एक सायकलवाला. रक्त, लघवी, शौच तपासून कागद देणं हे माझं काम. तुमच्याही बाजारात अशी एखादी चाची असेलच. तिचं नाव कुणाला माहीत नसतं, तरी पत्ता सांगताना सगळे तिच्या दुकानापासून सुरुवात करतात.

त्यांची मुलगी सोळा वर्षांची होती. लहानपणीच अकोल्याच्या डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला होता. ती बोलत नसे, कुणाकडे बघत नसे, अंगाला हात लावू देत नसे. साऱ्या तालुक्याच्या बायका आपला हात चाचींच्या हातात देतात आणि घरची पोर तेवढी देत नाही, हे चाची स्वतःच हसून सांगायच्या. ते हसणं फार वेळ टिकायचं नाही. मुलगी तीनच गोष्टी खायची: पांढरा भात, बिस्किटं आणि केळं. केळ्यावर काळा डाग असला तर तेही नाही.

संध्याकाळी ती स्वतःचं मनगट चावायची आणि ओरडायची. शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. चाची दुकान अर्धवट टाकून मागच्या खोलीत जायच्या. त्यांचा एकच घोर होता. "मी हाय तोवर ठीक. माह्यामागं इचं कोनाले समजीन?"

एक दिवस त्या पदराखाली पोरीच्या शौचाची डबी घेऊन लॅबमध्ये आल्या.

"बेटा, यातले जंतू पाह्य. चांगले कोनते, वाईट कोनते, लिहून दे."

"कसले जंतू, चाची?"

"भाच्यानं मोबाईलवर दाखवलं. उंदराइच्या पोटातले जंतू बदलले, तं ते एकमेकाइत मिसळायले लागले म्हने. पोटातल्या जंतूइनंच मानूस मानसात येते. माह्या पोरीचे बदलून टाकू."

मी त्यांना स्टुलावर बसवलं. म्हटलं, आमच्या मायक्रोस्कोपमध्ये जंतांची अंडी दिसतात, अमिबा दिसतो. तुम्ही म्हणता ते तपासायला फार मोठी यंत्रं लागतात. आणि शास्त्रज्ञांचंही अजून नक्की ठरलेलं नाही. अशा मुलांच्या पोटातले जंतू वेगळे असू शकतात, पण मुलं जंतूंमुळे अशी झाली, की तीनच गोष्टी खाल्ल्यामुळे जंतू वेगळे झाले, हे कुणी ठामपणे सांगत नाही.

"म्हंजे त्याइलेबी नाही माहीत?"

"अजून नाही."

"मंग ठीक. मले वाटलं, मलेच नाही माहीत."

मी हसले. त्या उठल्या, आणि दारातून म्हणाल्या, "तशी काही काळजी नाही. पोट चांगलं हाय तिचं. तूच तीन खेपा लिहून देल्लं नं."

खरं होतं. वर्षभरात तीनदा मी तिचा नमुना तपासला होता आणि तिन्ही वेळा 'काही आढळले नाही' असं लिहून दिलं होतं. म्हणजे जंत आढळले नाहीत. चाचींनी त्याचा अर्थ पोट निर्दोष असा घेतला होता, आणि संध्याकाळचं ओरडणं पोरीच्या स्वभावावर टाकलं होतं.

"चाची, ती संडासला रोज जाते का?"

"रोज? आठ-धा दिसातून एकदा जाते. आजचं कसंतरी भेटलं. काऊन?"

मला खुर्चीत बसवेना. एक प्रश्न, तोही फुकटचा, मी वर्षभर विचारला नव्हता. डबी घ्यायची, काच बघायची, सही करायची. त्या पोरीचा प्रत्येक संध्याकाळचा आवाज माझ्या लॅबपर्यंत यायचा, आणि मीही खिडकी लावून घेत होते. हे मी चाचींना तिथंच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, थेट तोंडाकडे. मग म्हणाल्या, "मी माय होऊन नाही इचारलं, तू तं परकी."

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी पोट तपासायला अर्धा दिवस घेतला, कारण पोर हातच लावू देईना. आतडं खड्यासारख्या शौचानं भरलेलं होतं. औषध सुरू झालं. दीड-दोन महिन्यांत संध्याकाळी चावणं जवळजवळ थांबलं. ती बोलायला लागली नाही, माणसांत मिसळली नाही. फक्त दुकानाच्या ओट्यावर येऊन पाठमोरी बसू लागली. चाचींना तेवढंही पुष्कळ होतं. पोटाचं आणि माणसात येण्याचं नातं जंतूंपायी आहे की दुखण्यापायी, हे मला तेव्हा कळत नव्हतं, आजही नाही. चाची मात्र येणाऱ्या प्रत्येकीला सांगायच्या, "ऐब नोता वो बाई, दुखत होतं पोरीचं."

गेल्या हिवाळ्यात चाची अचानक गेल्या, हृदयविकारानं. मुलीला तिच्या मावशीनं देऊळघाटला नेलं.

परवा बुलढाण्याला काम निघालं, तेव्हा मी तिकडं जाऊन आले. मावशी चांगली बाई, पण थकलेली. "दोन दिस झाले, चिडचिड करून राह्यली. काय पाह्यजे ते समजतच नाही," म्हणाली. मुलगी भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी तिच्यापासून हातभर अंतरावर टेकले. चहा आला, गार झाला.

मग तिनं न बघताच माझं मनगट पकडलं आणि तळवा ओढून आपल्या पोटावर ठेवला. पोट दगडासारखं लागत होतं.

"मावशी, किती दिवस झाले गेली नाही?"

मावशीनं बोटांवर मोजलं. "पाच... नाही, सहा. औषध संपलं तवापासून."

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, एका हातानं. दुसरा तिनं दोन्ही हातांनी दाबून धरला होता.