वाकायची सवय

"अगं, वाकायची सवयच आहे की तुझ्या आईला! तिला काय जड जाणार?"

धारवाडच्या वकिलीणबाई मला सांगत होत्या. त्यांच्याच मागच्या अंगणात, शेवाळलेल्या फरशीवर धुणं धुताना आई घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता वॉकर लागणार म्हटल्यावर बाईंनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या सासूच्या तेराव्याला तिचं अंथरूण, चपला सगळं वाटून टाकलं होतं. वॉकर तेवढा उरला होता. तो अंगणात ठेवून त्या मागे सरल्या. हातात कसा देतील? दोन हजार साल उजाडत आलं होतं, पण आम्ही जयभीमवाले.

सासू बुटकी. तिच्यासाठी वॉकरचे पाय करवतीने कापलेले. माझी आई तिच्याहून उंच. घरी ती त्याला धरून उभी राहिली तर पाठीची कमान झाली. दवाखान्यातल्या ताईंनी मला बजावलं होतं, "हात मोकळे सोडून सरळ उभं करायचं. मूठ मनगटाशी आली पाहिजे. ठेंगणा घेतलास तर तोल जाऊन पुन्हा पडेल." इथे मूठ पार मांडीशी.

"असू दे गं. दिलाय ना त्यांनी," आई म्हणाली.

मला आधी तिचाच संताप आला. वॉकर उचलला आणि परत गेले. पुढच्या दाराने.

"ए, मागनं ये की!"

"हा आईला ठेंगणा होतो."

"धर्माची गाय आणि दात का गं नाय! बरं, ती बरी होईपर्यंत धुण्याला तू येत जा."

मी बी.ए.ला होते. त्यांना ठाऊक होतं.

"येणार नाही," म्हटलं. वॉकर त्यांच्या ओसरीवर ठेवला आणि निघाले.

कानातले मोडले. आईला रिक्षाने हुबळीच्या दुकानात नेलं. पाय वरखाली करता येतील असा वॉकर निवडला. माप घ्यायला दुकानदाराने तिला उभं केलं, तर समोर शेठ बघून ती तिथेही वाकली.

"यव्वा, नेट्टग निंदर्री," तो कानडीत म्हणाला, सरळ उभ्या राहा.

"आई, सरळ उभी राहा!" मी ओरडले. सगळं दुकान बघायला लागलं. बघू दे.

ती हळूहळू ताठ झाली. माझ्याहून उंच होती ती. मला माहीतच नव्हतं. मूठ बरोबर मनगटाशी आली.

पुढे वकिलीणबाईंनी माणूस पाठवला. दुसरी बाई मिळत नव्हती. मी त्याला सांगितलं, आमच्या घरातलं कुणीही आता त्या अंगणात येणार नाही. धुणं त्यांचं त्यांनी धुवावं. आणि आधी ती फरशी घासावी. वाकून.