आत्याच्या घोड्या, दत्तूचा टेंपो

धनगरांच्या फिरत्या तळाला वाडा म्हणतात. त्याला भिंत एकही नसते. दर दोन-तीन दिवसांनी बिऱ्हाड उठतं, त्यामुळे तिथं जादा वस्तू साठत नाही. साठली की ती घोडीच्या पाठीला लागते. किस्से तेवढे साठतात, कारण ते लादावे लागत नाहीत.

वडील फौजेत, म्हणून माझी शाळा आणि कॉलेज सगळं उत्तरेत झालं. दोन हजार सालानंतर डिग्री घेऊन निमोण्याला परतले, ती जुन्या कामांतलं शहाणपण शिकायचं ठरवूनच. गावातल्या भिवाआबांचा वाडा दिवाळीनंतर दौंडच्या दिशेने निघाला, तशी मीही सोबत निघाले.

मेंढ्या पुरुषांकडे, घोड्या बायकांकडे, अशी वाटणी. घोड्या दोन: पांढरी आणि तांबडी. त्यांचा सगळा कारभार आबांच्या बहिणीकडे, चिंगूआत्याकडे. वय साठीच्या पुढं. त्या वर्षी आबांचा मुलगा दत्तू टेंपो घ्यायच्या विचारात होता. टेंपो आला की घोड्या विकायच्या आणि आत्याला गावी घरात बसवायचं, असं त्यानं सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं.

आत्यानं ते ऐकून घेतलं आणि पांढरीच्या पोटाखालचा तंग आवळला.

* * *

पहिल्या दिवशी मी पिशवीतून ताणकाटा काढला. दोन्ही अंगांना वजन सारखं असलं की घोडीची पाठ दुखावत नाही, असं मी वाचलं होतं. एका पोत्यात जोंधळे आणि भांडी. दुसऱ्यात घोंगड्या. मोजून दोन्हीकडे बरोबर सारखं. आत्या शेजारी उभी राहून बघत होती.

शंभर पावलांवर खोगीर फिरलं आणि अख्खं बिऱ्हाड पांढरीच्या पोटाखाली गेलं. घोंगड्यांचं फुगलेलं पोतं बाहेर लोंबत होतं, त्यानं सगळं स्वतःकडे ओढलं होतं.

"पण आत्या, वजन तर सारखं होतं."

"व्हय की. पर काटा तू बघितलास. घोडीनं कुठं बघितला?"

* * *

काळ्या रानात दगड सापडत नाही. प्रत्येक मुक्कामाला चुलीसाठी तीन दगड शोधण्यात अर्धा तास जातो, हे माझ्या लक्षात आलं. एका ओढ्यात छान बसके तीन दगड मिळाले, ते मी गुपचूप तांबडीच्या पोत्यात तळाशी घातले. पुढच्या मुक्कामाला चूल पाच मिनिटांत मांडली.

"ताईला दगड लगी घावत्यात," दत्तूची बायको सोना कौतुकानं म्हणाली. अशा कामाचा गाजावाजा करू नये असं माझं मत होतं.

चौथ्या मुक्कामाला तांबडीचं पोतं आत्यानं स्वतः उतरवलं. एकेक दगड काढून समोर ठेवला. एका बाजूनं तिन्ही काळे झालेले.

"पोरी, तुझ्या शाळंकडं दगड न्हवतं का?"

"शोधायला वेळ जातो, आत्या. मला वाटलं..."

"चार मुक्काम तांबडीनं वाहिलं. फुडलं चार तू वाहा."

मी एक मुक्काम वाहिले. भांडगावच्या अलीकडच्या एका बांधावर ते अजून असतील.

* * *

कुरकुंभला एका कारखान्याच्या मागच्या प्लॉटवर गवत माजलं होतं. साहेबांनी स्वतःच मेंढ्या घालायला बोलावलं. गेटवरचा वॉचमन बिहारकडचा, नवा आणि नियमाचा पक्का. त्यानं रजिस्टर उघडलं.

"गाडी नंबर?"

"पांढरी," आत्या म्हणाली.

"ड्राइवर?"

"मीच."

त्यानं दोन्ही लिहून घेतलं. मग मटेरियलच्या रकान्यासाठी मेंढ्या मोजल्या: दोनशे दहा. तिसऱ्या दिवशी बाहेर पडताना पुन्हा मोजल्या, तर दोनशे बारा.

"दो ज्यादा है. यह कंपनी का माल हुआ. गेटपास लाओ."

"काय म्हन्तोय त्यो?" आत्यानं विचारलं.

सोना म्हणाली, "दोन कोकरं आत झाली, तवा ती कंपनीची म्हन्तोय."

आत्यानं दोन्ही कोकरं उचलली आणि त्याच्या टेबलावर, उघड्या रजिस्टरवर ठेवली. "ऱ्हाऊ दे बाबा तुला. दर चार तासाला दूध पाजायचं. शिफ्ट लावून घ्या."

वॉचमननं कोकरं रजिस्टरवरून बाजूला केली. मग आत आल्याच्या दिवसाचा आकडा खोडून तिथं दोनशे बारा लिहिलं.

* * *

टेंपोचा विषय निघाला की मी तावातावानं बोलायची. एकदा जेवताना दत्तूला सगळं समजावून सांगितलं: टेंपोला रस्ता लागतो, घोडीला पायवाट पुरते, टेंपो बिघडला तर गॅरेज शोधा, घोडी रात्रीत बरी होते, आणि शेकडो वर्षांचं हे ज्ञान एकदा गेलं की परत येत नाही.

दत्तू भाकरी मोडत राहिला. उत्तर आत्यानं दिलं.

"टेंपोचं गुडघं दुकत न्हाईत, पोरी."

मी वैतागून म्हणाले, "म्हणजे तुम्हाला घरी बसायचंय?"

"मला घराचं काय न्हाई. पर घराला माझी सवय न्हाई."

* * *

शेवटी, टेंपो यायच्या आधीच, दत्तूनं पांढरीला गिऱ्हाईक आणलंच. दौंडहून वरातीला घोड्या देणारे एक शेठ सकाळी तळावर आले. सोबत एक ट्रंपेटवाला. पांढरी बँडला बुजते का, ते बघायचं होतं. बुजली तर सौदा मोडणार. आबा मेंढ्या घेऊन पुढं गेले होते, बिऱ्हाड उठायच्या तयारीत होतं, आणि मी मनातल्या मनात पांढरीला विनवत होते: बुज.

ट्रंपेटवाल्यानं तिच्या कानाशी गाल फुगवून वाजवलं. कुत्री पळाली. पांढरीनं शेपटीनं एक माशी उडवली. हायवेच्या ट्रकांत वाढलेली घोडी ती.

"गुणाची हाय," शेठ खूश झाले. "आजी, काय खोड बीड?"

"खोड न्हाई. पाठीवर वझं चढलं की चालायचं, एवढंच तिला ठावं."

"मंग बसून बघतो."

"बसा की."

आत्यानं खोगीर घातलं, तंग आवळला, शेठना हात देऊन वर चढवलं आणि रोजच्यासारखी मानेवर थाप दिली. पांढरी निघाली. उसाच्या कडेनं गेली, ओढ्यात उतरली, पलीकडं चढली. शेठ दोन्ही हातांनी दोर ओढत काहीतरी ओरडत होते. मागून ट्रंपेट सावरत ट्रंपेटवाला पळत होता.

"आत्या, थांबव की तिला," दत्तू म्हणाला.

"मी कशी थांबवू? मुक्काम आला की थांबंल."

"आन् आज मुक्काम कुठं हाय?"

आत्या खाली बसली, चंची सोडली आणि पानाला चुना लावला.

"तुझा बाप फुडं गेलाय, रान मिळतंय का इचारायला. आजून ठरलं न्हाई."